एका कथेचं ई-पुस्तक: 'वाऱ्या'चं 'वार्या' होऊ न देता

चार-साडेचार हजार शब्दांची कथा लिहून झाली की बहुतेक जण थेट मुखपृष्ठाच्या मागे लागतात. त्याआधी क्रम ठरवा. दिवाळी अंकांना अप्रकाशित कथा लागते, आणि प्रतिलिपी या कथावाचनाच्या ॲपवर किंवा फेसबुकवर एकदा टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात. अंकाचा विचार असेल तर उन्हाळ्यातच कथा तिकडे पाठवा, उत्तर येईपर्यंत बाकी सगळं थांबवा. अंकात छापून आली तरी पुढचा रस्ता बंद होत नाही. लेखी करार करून हक्क दिलेले नसतील तर कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. तो कथा लिहिली तेव्हाच मिळालेला असतो, नोंदणी सक्तीची नाही.

दुसरा पेच किंडलचा. ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकांना स्वतःच किंडल ई-पुस्तक काढू देणारी सेवा) पुस्तक चढवताना 'केडीपी सिलेक्ट'चा चौकोन समोर येतो. त्यात टिकमार्क केलीत की ९० दिवस ती कथा ई-स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. मुदत संपली की नोंदणी आपोआप पुढे सरकते. नको असेल तर तो पर्याय आधीच बंद करायचा. बदल्यात किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या योजनेत, वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात, आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर सिलेक्टशिवाय मिळत नाही. एरवी ३५ टक्के. पहिल्याच कथेला वाचक हवे असतील, पैसे नंतर आले तरी चालणार असेल, तर आधी प्रतिलिपी बरी. कथा तिथून काढून नंतर किंडलवर नेता येते.

आता फाइल. खरं नुकसान इथे होतं. कथा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि परिवर्तकाच्या हातून हमखास निसटतो तो अर्धचंद्री 'र'. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना' बोलावलेलं असतं आणि निरोप जातो 'आचार्यांना'. 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं. शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो, कारण 'दर्या' हाही शब्द आहेच. युनिकोडमध्येच टाइप केलं असेल तरी सुटका नाही. काही कळफलक हा 'र' एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे बनवतात आणि कॉपी-पेस्ट करताना ते चिन्ह गळून पडतं. म्हणून नुक्ता (खाली टिंब) असलेला 'ऱ' वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ: ऱ्य. फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक जागा डोळ्यांनी बघा. सगळीकडे एकदम बदल करायला गेलात तर 'पर्याय'चा 'पऱ्याय' आणि 'कार्यालया'चं 'काऱ्यालय' होईल. 'अ‍ॅ' आणि 'ॲ' यांपैकीही एकच ठेवा. दिसायला सारखे असले तरी संगणकाला ते वेगळे आहेत, आणि शीर्षकात असतील तर शोधताना पुस्तक सापडत नाही.

परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून आत ढकलू नका, वर्डमधल्या इंडेंटने करा. नाहीतर मोबाइलवर ओळी तुटक दिसतात. फाइल वर्डची किंवा ईपब द्या, पीडीएफ नको. चढवल्यावर प्रिव्ह्यूमध्ये शेवटच्या पानापर्यंत जा, फोनच्या आकारात.

मुखपृष्ठ १६०० बाय २५६० पिक्सेल, उभं, जेपेग. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत 'कि' लिहिल्यावर वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल तर फॉन्ट बिघडलेला नाही. टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा, जोडाक्षरं जागेवर येतात. इंकस्केप या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट नाही. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, मुखपृष्ठावर बिनदिक्कत वापरा. चित्र नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं नाही तर अक्षरं वाढवा, फुलं कमी करा.

फॉर्ममध्ये भाषा मराठी निवडा. शोधशब्दांच्या सात जागा मिळतात. दोन-तीन रोमन लिपीत भरा, कारण 'मराठी कथा' हे शब्दसुद्धा पुष्कळ जण इंग्रजी कळफलकावरच शोधतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, ई-पुस्तकाला लागत नाही. छापील प्रतीसाठी हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कराच्या प्रश्नावलीत पॅन भरा. तो नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ ऐवजी ३० टक्के कापले जातात. ॲमेझॉनच्या तपासणीला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे 'उद्या प्रकाशन' अशी घोषणा करून बसू नका.

सिलेक्टमध्ये ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड. सकाळी आठला 'आज मोफत' असा मेसेज टाकला की लोक लिंक उघडतात, किंमत बघतात आणि परत येत नाहीत. दुपारी अडीचनंतर पाठवा. पाचही दिवस सलग उधळू नका. पहिल्या आठवड्यात दोन, बाकीचे एखाद्या सुट्टीला.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. नुसती लिंक पाठवू नका. कथेतला एखादा चमकदार प्रसंग, शंभरेक शब्द, आणि खाली एक ओळ: 'किंडलचं यंत्र लागत नाही, फोनवर मोफत ॲप आहे.' ही ओळ नसेल तर बरेच वाचक तिथेच थांबतात. परदेशातल्या नातेवाइकांना भारतातली लिंक उपयोगी पडत नाही. त्यातलं डॉट इन काढून त्यांच्या देशाचं संकेतस्थळ टाका, पुढचा क्रमांक तोच राहतो. घरच्यांना परीक्षण लिहायला लावू नका. ॲमेझॉनला ते मान्य नाही, सापडली की काढून टाकली जातात. यूट्यूबवर अभिवाचन मात्र करा, कारण सिलेक्टची अट फक्त ई-मजकुराला आहे.

छापील पुस्तिका काढायची तर एवढी कथा डेमी आकारात साधारण १६ पानांत, म्हणजे एका फॉर्म्यात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) बसते. त्यातच शीर्षकपान आणि श्रेयपानही बसवायचंय हे पान लावण्याआधी मुद्रकाला सांगा. मधोमध पिना मारायच्या असल्याने पानं चारच्या पटीत वाढतात: एक ओळ १६ पानांबाहेर गेली की पुस्तिका २० पानांची. अशा वेळी अक्षरांचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करा, नाहीतर एखादा परिच्छेद कापा. बहुतेक वेळा कापलेलाच बरा असतो.