मूल होत नसल्याचा मनावरचा ताण: या चुका टाळा

लग्नाला काही वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की नागपुरातल्या अनेक घरांत दोन ठिकाणी उपचार सुरू होतात. धंतोली किंवा रामदासपेठेतल्या दवाखान्यात रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि इंजेक्शने सुरू होतात, तर घरी मोठी आई, आत्याबाई आणि शेजारच्या काकू आपापल्या परीने मार्ग सुचवू लागतात. या सगळ्यात त्या दोघांच्या मनाची जी झीज होते, ती मात्र कोणत्याच फाइलमध्ये नोंदवली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. तरीही प्रत्येक जोडप्याला आपण एकटेच आहोत असे वाटते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांमधील चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांइतकेच आढळले होते. म्हणून या त्रासाकडे मनाचा हळवेपणा म्हणून पाहू नये. तो स्वतंत्रपणे उपचार करण्याजोगा त्रास आहे आणि तो वाढवणाऱ्या काही चुका आपल्याला टाळता येतात.

‘टेन्शन घेतेस म्हणूनच राहत नाही’ यावर विश्वास ठेवणे

ही सर्वांत घातक चूक आहे, कारण ती प्रेमापोटी केली जाते. ‘मन शांत ठेव, आपोआप दिवस जातील’ असे सासूबाई म्हणतात, मैत्रीण म्हणते, कधी कधी डॉक्टरही घाईत बोलून जातात. ऐकणारीच्या मनात त्याचा अर्थ एवढाच उरतो की आपण रडलो, आपल्याला झोप लागली नाही, म्हणून आपला उपचार फसला. मग दुःखाच्या जोडीला अपराधीपणाही येतो आणि रडू आले की त्याचीच भीती वाटू लागते.

वैद्यकीय पुरावा याला दुजोरा देत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारापूर्वीचा मानसिक त्रास आणि उपचाराच्या त्या आवर्तनात (एका फेरीत) गर्भधारणा होणे किंवा न होणे, यांचा संबंध त्यात आढळला नाही. अतिताण, उपासमार किंवा वजनातील मोठी घट यांमुळे काहींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे खरे आहे आणि तसे झाल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे. परंतु बंद झालेल्या गर्भनलिका, शुक्राणूंची कमतरता किंवा वाढलेले वय ही कारणे मन शांत ठेवल्याने दूर होत नाहीत. ताण कमी करायचा तो आपल्याला नीट जगता यावे म्हणून. मूल होण्याची अट म्हणून नव्हे. पुन्हा कोणी हा सल्ला दिला, तर ‘डॉक्टरांनी कारण वेगळे सांगितले आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत’ एवढे एक वाक्य पुरेसे असते.

फाइल फक्त पत्नीच्या नावाने उघडणे

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. असे असूनही पत्नीच्या वेदनादायी तपासण्या आधी होतात आणि पतीची वीर्यतपासणी, जी तुलनेने सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे, ती महिनोन्महिने लांबणीवर पडते. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून दिलेला एक नमुना पुष्कळ प्रश्न लवकर सोडवू शकतो. अहवालात दोष निघाला तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच ते तीन महिने लागत असल्यामुळे मध्यंतरी आलेल्या मोठ्या तापाचाही परिणाम अहवालात दिसू शकतो. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि सिगारेट सोडणे, तसेच व्यायामशाळेत कोणी सुचवलेली टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने न घेणे, हे पतीच्या हातात असलेले उपाय आहेत. ती इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती वाढवत नाहीत, उलट दाबून टाकतात.

यातला मानसिक भाग अधिक अवघड आहे. दोष पतीत असूनही घरात ते सांगितले जात नाही आणि पत्नी वर्षानुवर्षे टोमणे झेलत राहते, ही परिस्थिती अनेकांनी जवळून पाहिली असेल. पतीला पुरुषत्वावर डाग लागल्यासारखे वाटते आणि तो गप्प होतो. पत्नीला त्या गप्प राहण्यात बेपर्वाई दिसते. कोणते कारण कोणाला सांगायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे. काहीच सांगायचे नसेल तरी ‘उपचार आम्हा दोघांचे चालू आहेत’ हे पतीने स्वतःच्या आईवडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगावे. सुनेने ते सांगणे आणि मुलाने सांगणे यांचे वजन आपल्या घरांमध्ये सारखे नसते. हे वास्तव मला अन्यायाचे वाटते, पण ते बदलेपर्यंत पतीने निदान पुढे उभे राहिले पाहिजे.

टोमण्यांची पातळी ओलांडून छळ सुरू झाला असेल, तर कायदा स्पष्ट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मूल किंवा मुलगा नसल्यावरून केलेला अपमान आणि हेटाळणी हा भावनिक छळाचा प्रकार म्हणून थेट नमूद आहे. हिंदू विवाह कायद्यात वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे हा गुन्हा आहे. महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर मदत मागता येते.

सणासुदीला स्वतःची परीक्षा घेणे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, वस्तीतील मुले लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतात. ज्या घरात स्वतःचे मूल नाही, तिथे तो दिवस अतिशय जड जाऊ शकतो. महालक्ष्म्यांचे जेवण आणि जावेचे डोहाळजेवणही तसेच. काही जण मन मारून सगळीकडे हजर राहतात आणि रात्री कोसळतात. काही जण सगळ्यांशी संबंधच तोडतात आणि एकटे पडतात. मधला मार्ग आधीच ठरवून ठेवता येतो: बारशाला न जाता काही दिवसांनी बाळाला घरी जाऊन पाहणे, कार्यक्रमात तासभरच थांबणे, निघायची वेळ पतीशी आधीच बोलून ठेवणे. उपचार फसल्याचे नुकतेच कळले असेल, तर कार्यक्रम टाळण्यात अपमान कोणाचाच होत नाही.

यजमानांनीही एक चूक टाळावी. मूल नसलेल्या सुनेला ओटी भरण्यापासून दूर ठेवू नये आणि ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून परस्पर वगळूही नये. आपल्याकडील गोड बातमी तिला चारचौघांत कळण्याऐवजी आधी एकटीला, शक्य तर संदेशाने कळवावी, म्हणजे स्वतःला सावरायला तिला वेळ मिळतो.

प्रतीक्षेच्या दोन आठवड्यांत शरीराची रोज झडती घेणे

कृत्रिम रेतन (वीर्य गर्भाशयात सोडणे) किंवा भ्रूण प्रत्यारोपण (प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवणे) झाल्यानंतरचे दिवस सर्वांत कठीण असतात. स्तन दुखणे, पोट फुगणे, झोप येणे, चिडचिड होणे ही लक्षणे गर्भधारणेतही दिसतात आणि या काळात दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळेही दिसतात. त्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. बीज फुटण्यासाठी एचसीजीचे (गर्भधारणेची चाचणी ज्या संप्रेरकाचा शोध घेते, त्याचे) इंजेक्शन दिलेले असेल, तर त्याचा अंश शरीरात साधारण दहा ते चौदा दिवस राहू शकतो आणि घरी केलेली चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच रक्ततपासणी करावी, निकाल फोनवर कोण ऐकेल हे आधी ठरवावे आणि जमल्यास त्या दिवशी संध्याकाळचे पाहुणे टाळावेत.

नैसर्गिक प्रयत्न चालू असताना मोबाइलवरील कॅलेंडरच्या हुकमावर संबंध ठेवणे हीसुद्धा एक चूक आहे. त्यातून जवळीक नाहीशी होते आणि काही पुरुषांना ठरलेल्या रात्री संबंध जमेनासे होतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवल्यास नेमकी तारीख शोधण्याची गरज सहसा पडत नाही.

शेवट न ठरवता उपचार सुरू करणे

किती आवर्तने करायची आणि किती पैसे खर्च करायचे, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी दोघांनी कागदावर लिहावे. निकाल नकारार्थी आल्याच्या दिवशी घेतलेले निर्णय बहुधा कर्जाकडे नेतात. २०२१ च्या सहाय्यित जननतंत्रज्ञान कायद्यानुसार केंद्र नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. यशाची शक्यता, धोके आणि खर्च यांबाबत जोडप्याचे समुपदेशन करणे हीदेखील केंद्राची जबाबदारी आहे. हमखास यशाची जाहिरात करणाऱ्यांकडे नोंदणी क्रमांक विचारावा आणि आपल्या वयाच्या स्त्रियांमध्ये जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण किती, हेही विचारावे. केवळ चाचणी होकारार्थी येण्याचे प्रमाण पुरेसे नाही. दत्तक घेण्याचा विचार असेल तर तो उपचार फसल्याची भरपाई म्हणून करू नये. ‘दत्तक घेतले की स्वतःचे मूलही होते’ या समजाला आधार नाही आणि येणाऱ्या बाळावर तो अन्याय आहे.

मन मोडेपर्यंत मदत न मागणे

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, कामावर लक्ष न लागणे, कशातच गोडी न वाटणे, ही लक्षणे असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या) मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा मिहानमधील एम्समध्ये दाखवता येते. तिथे जाणे लगेच शक्य नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर त्याच दिवशी फोन करावा आणि घरातल्या एका माणसाला सोबत बसायला सांगावे. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर ‘बाळासाठी’ म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. कोणती औषधे चालू ठेवायची आणि कोणती बदलायची, हे मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवून विचारावे. पहिल्या भेटीला पतीनेही सोबत जावे आणि स्वतःचे नावही नोंदवावे, कारण त्याचीही झोप बहुतेक वेळा उडालेली असते आणि ती कोणी विचारलेली नसते.