काट्झबाल्गरचा आठ, मेसरचा खिळा: युरोपियन क्रॉसगार्ड घडवताना या चुका टाळा

समोरून काढलेला एक फोटो छापायचा, त्यावरून पत्रा कापायचा आणि दुपारपर्यंत मूठ बसवून मोकळं व्हायचं. या घाईत तलवारीचे सर्वांत जास्त गार्ड भंगारात जातात. गार्ड म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधला आडवा भाग; तो साधी सरळ दांडी असेल तर फोटो पुरतो. वेगळ्या घडणीच्या गार्डला तो मुळीच पुरत नाही.

काट्झबाल्गर घ्या. १५०० च्या सुमाराच्या जर्मन लान्ड्सक्नेख्त पायदळाची ही आखूड, रुंद पात्याची तलवार. तिचा गार्ड इंग्रजी ‘एस’सारखा किंवा आठच्या आकड्यासारखा वळलेला असतो, पण हे वळण पात्याच्या सपाटीत नसतं. तलवार उभी धरून मुठीच्या टोकाकडून खाली पाहिलं तरच ते दिसतं; समोरून दिसते ती जाडसर आखूड दांडी. नवशिके पत्र्यातून ‘एस’ कापतात, मग एक बाहू बोटांवर येतो आणि दुसरा पात्याकडे जातो. अशी घडण इतर तलवारींवर आहे, काट्झबाल्गरवर नाही. कापण्याआधी वरून दिसणारं चित्र काढा. ते काढता येत नसेल तर भट्टी पेटवू नका.

पुढचा घोटाळा लांबीचा, आणि तो नेहमी एकाच वाटेने जातो. समजा, आठच्या आकड्याचे १० मिमी जाडीचे दोन वेढे, प्रत्येक बाहेरून ४५ मिमी. गार्ड समोरून ९० मिमी दिसतो म्हणून १२० मिमीची सळई कापली जाते. वेढ्याचा व्यास मधल्या रेषेवर ३५ मिमी, म्हणजे परीघ ११०. दोन वेढ्यांना २२० मिमी लागतात. दोन्ही वेढे अर्ध्यावर उघडे राहतात, मग तुकडे वेल्ड होतात, आणि पुन्हा वाकवताना नेमके त्या जोडावर तुटतात. तांब्याची तार चित्रावर वळवा, सरळ करा, मोजा. दोन्ही टोकांना १५ मिमी जास्त धरा.

शिवाय पात्याची मुठीत शिरणारी शेपटी आरपार जायला १० मिमीच्या सळईत ६ मिमीची खाच पाडली की दोन्ही बाजूंना फक्त २ मिमी धातू उरतो आणि तो वाकवताना फाटतो. २० मिमीचा चौकोनी बार घ्या, मधला ४० मिमी तसाच ठेवा आणि दोन्ही बाजूंचा २५ ते ३० मिमी भाग ठोकून बाहू लांबवा. खाच वाकवण्याआधी पाडा; वळलेला गार्ड व्हाइसमध्ये नीट धरता येत नाही.

खाच सैल करून एपॉक्सी भरणं हा सर्वांत वाईट शॉर्टकट. चार दणक्यांत गार्ड खुळखुळू लागतो. शेपटी ६ मिमी जाड असेल तर ५.५ मिमीची भोकं ओळीने पाडा आणि बाकी कानशीने उघडा. शेपटीवर दिव्याची काजळी धरा, गार्ड सरकवा. काळं लागेल तिथेच घासा. खाच आधीच सैल झाली असेल तर गोल डोक्याच्या हातोडीने पात्याकडची कड आत दाबा. शेपटी पात्याला मिळते त्या खांद्याची गोलाई मात्र काटकोनात घासू नका, तिथूनच ती मोडते. खाचेचे कोपरे गोल करा.

मेसर या एकधारी जर्मन तलवारीचा नागेल, म्हणजे गार्डमधून बाहेर आलेला खिळा, शोभेचा नाही. तो हाताच्या पाठीकडच्या बाजूला हवा: उजव्या हाताने धरून धार पुढे केली की उजवीकडे. तो वेल्ड करू नका. ६ मिमीचा दांडा गार्ड आणि शेपटी दोन्हींतून आरपार न्या, दुसऱ्या बाजूला ७ ते ९ मिमी बाहेर ठेवा आणि ते टोक ठोकून रिव्हेट करा. गार्डही त्यानेच जखडतो. शेपटी कडक असेल तर ड्रिल तुटेल. तेवढाच भाग तापवून सावकाश थंड करा, पात्याला ओलं फडकं गुंडाळून.

स्कॉटिश दोन हाती क्लेमोरचे बाहू पात्याच्या टोकाकडे उतरतात. उलटे बसवू नका. बाहूंच्या टोकांची फुलं पत्र्यातून कापू नका, चार कडी पितळी डाखाने जोडा.

झ्वाईहेंडर या मोठ्या दोन हाती जर्मन तलवारीच्या पात्यावरचे आडवे दात पात्यातूनच घडवायचे असतात. नंतर वेल्ड केले की पात्याचं पाणी उतरतं.

पोर्तुगीज खलाशी तलवारींवर गार्डपुढे बोटाच्या कमानी आणि त्यांच्या टोकांना चपट्या चकत्या असतात. बोट तिथे गार्डच्या पुढे जातं, म्हणून पात्याचा तेवढा भाग बोथट ठेवा. असा गार्ड आपल्याकडच्या फिरंगेवर मात्र चढवू नका: तिचं पातं युरोपातलं किंवा त्या धर्तीचं असतं, मूठ इथलीच.