परसातलं शेडनेट, ड्युटी सांभाळून (उन्हाळ्याच्या आधी उरकायची कामं)

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की आपल्या सोलापुरात थंडीपण उठते. संक्रांतीनंतर दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग एकदम ऊन. त्यामुळं परसात ग्रीनहाऊस करायचं डोक्यात असेल तर हेच दिवस, फेब्रुवारीचे चार रविवार. मार्चमध्ये दुपारी पाईप हातात धरवत नाही ओ.

पहिली गोष्ट, व्हिडिओत दिसतं तसलं प्लास्टिकचं ग्रीनहाऊस करू नका. ते थंड मुलखातलं, ऊब कोंडून ठेवायला केलेलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो, आपल्याला कसली ऊब पाहिजे? आपल्याला पाहिजे सावली. मी पहिल्या वर्षी हौसेनं २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा पेपर लावला, मार्चच्या शेवटी एका शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो तर पालक अक्षरशः शिजलेला, नुसती फोडणी द्यायची बाकी होती. पेपर काढला, ५० टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट (सावलीची जाळी) टाकलं, तेव्हापासून बरं चाललंय. ७५ टक्केवालं घेऊ नका, अंधार होतो, रोपं नुसती लांबट आणि फिकी होतात. आणि अनुदानाचं विचारू नका, ते शेतातल्या शेडनेटला असतं, सातबारा लागतो, घरामागच्या जागेला कोण देतंय.

जागा घराच्या पूर्वेला मिळाली तर सोनं. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी तीननंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेला जागा असेल तर त्या बाजूला जुनं गोणपाट नाहीतर दुसरं नेट डबल करून लावा, आपलं पश्चिमेचं ऊनच खरं जाळतं.

साईज १० बाय १२ फूट पुरे. नोकरी करणाऱ्यानं याच्यापेक्षा मोठं करूच नये, मोठं केलं की ते दुसरी नोकरी होतं. मधे उंची ८ फूट तरी ठेवा म्हणजे गरम हवा डोक्यावर राहते. एक इंची जीआय पाईप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), नटबोल्टचं फिटिंग करून घ्या, पुढं घर बदललं तर सोडून नेता येतं.

खड्ड्यात मात्र कंजूषी नको. वेल्डर म्हणणारच, "मालक, कशाला खड्डे, पाईप ठोकून देतो की." ठोकू देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, ठोकलेला पाईप एका वर्षात हलायला लागतो, मग एप्रिल-मेमध्ये वळवाचं वावटळ आलं की नेटसकट सगळं शेजाऱ्याच्या पत्र्यावर. दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. म्हणूनच एक-एक रविवार: पहिल्या रविवारी खड्डे आणि खालचे पाईप, दुसऱ्या रविवारी वरची चौकट, तिसऱ्याला नेट, चौथ्याला माती आणि पाणी. नेट ताणून बांधा, ढिलं राहिलं की वाऱ्यानं फडफडून फाटतं. बाइंडिंग तार वापरू नका, ती तापते आणि नेट कापते, क्लिपा नाहीतर नायलॉन दोरी घ्या. खाली फूटभर जागेत नेट न लावता तिथं बारीक जाळी लावा, हवा खेळते आणि मांजरं आत येत नाहीत. मऊ भुसभुशीत माती म्हणजे मांजराला संडासच वाटतो, अनुभव आहे.

आता मेन मुद्दा, पाणी. उजनी धरणाचं पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसाआड येतं आणि येतं ते पण कधी पहाटे, कधी आपण ड्युटीवर असताना. म्हणजे नळाच्या वेळापत्रकावर झाड जगवायचं नाही, टाकीवर जगवायचं. ५०० लिटरची काळी टाकी ४-५ फूट उंच स्टँडवर ठेवा (भरली की अर्धा टन वजन होतं, स्टँड विटांचा किंवा जाड अँगलचाच), टाकीला फ्लोट बॉल (टाकी भरली की नळ बंद करणारा तरंगता गोळा) लावा म्हणजे नळ आला की आपोआप भरते. एवढ्या जागेतल्या वाफ्यांना भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४० लिटर धरा, पाच दिवसाचे २००, म्हणजे एखादी पाळी चुकली तरी भागतं.

टाकीच्या खाली फिल्टर आणि मग साधं ड्रिप. प्रेशर कॉम्पेन्सेटिंगवाले (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर घेऊ नका, एवढ्याशा उंचीच्या दाबाला ते चालत नाहीत. टायमर घेताना पण विचारून घ्या, सोलेनॉइडवाल्याला (विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या) दाब लागतो, बॉल व्हॉल्व्हवाला (आतला गोळा फिरवून उघडणारा) टाकीवर चालतो. पाणी पहाटे पाचला लावा, दुपारी टाकीतलं आणि नळीतलं पाणी चहासारखं गरम असतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारानं ड्रिपर पांढरे होऊन बसतात, महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. फॉगरच्या (पाण्याचं धुकं उडवणाऱ्या नोझलच्या) नादाला लागू नका, टाकी रिकामी होते आणि पानांवर पांढरे डाग पडतात.

माती नुसती काळी नको, दगड होते. काळी माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं-सारखं मिसळा, वर उसाचं पाचट तीन बोटं जाड पसरा. कडबा महाग, तो जनावराला राहू दे.

लावायचं काय, तर पालेभाज्या, आणि त्यात कोथिंबीर आधी, कारण उन्हाळ्यात जुडीचा भाव बघून पिशवी परत घरी आणावी वाटते. धणे चपलेनं रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पेरून वर ओलं गोणपाट टाका, आठ-दहा दिवसांनी मोड दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. सगळा वाफा एकदम पेरू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टा. मेथी, पालक महिन्याभरात निघतात. टोमॅटोचा हट्ट एप्रिल-मेमध्ये नको, उन्हानं फुलं गळतात, नेटखाली असला तरी.

रोजचं काम म्हणाल तर सकाळच्या चहाचा कप हातात घेऊन पानं उलटी करून बघायची, बास. कोरड्या उन्हात लाल कोळी (बारीक कीड) येतो, पानामागं बारीक जाळं दिसतं, पाण्याचा जोरात फवारा खालून मारला की बराच जातो. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे टांगा. रविवारी निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची पावडर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळीच फवारायचा. आठवडाभर बाहेरगावी जायचं असेल तर टाकी भरून, फिल्टर धुऊन जा आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, त्या बदल्यात कोथिंबिरीची एक जुडी त्यांची.

मृग लागला, पाऊस सुरू झाला की वरचं नेट काढून घ्या, रोपांना उजेड पाहिजे असतो आणि नेटचं आयुष्य पण वाढतं. घडी करून उंच टांगा. माझी एक घडी कोपऱ्यात जमिनीवर ठेवली होती, तिची उंदरांनी गाळणी करून टाकली.