कोळंबी काढलीत, पण मोरी लगेच उघडू नका

मे अर्धा सरला. फेब्रुवारी-मार्चात व्हेनामी जातीच्या कोळंबीचं बीज सोडलेल्या तळ्यांवर आता काढणीची घाई आहे. पाऊस डोक्यावर म्हणून रात्रीत जाळं मारायचं आणि पहाटे मोरी, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार, उघडून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत. माल बर्फात जातो, तीन महिन्यांचा मळ खाडीत. पुढच्या हंगामात आपला पंप त्याच खाडीत असतो. शेजाऱ्याचा तर आजच आहे.

तळं उपसताना वरचं पाणी त्यामानाने स्वच्छ निघतं. न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ हे सगळं तळाशी असतं आणि शेवटच्या पाव हिश्शात बाहेर पडतं. तेवढं पाणी अडवा. एक तळं रिकामं ठेवून त्यात ते दोन-तीन दिवस निवळू द्या, मग मोरीच्या वरच्या फळ्या काढून फक्त वरचं पाणी सोडा, तेही उधाणाच्या ओहोटीला. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी खाडीत रेंगाळतं. कालवं, तिसऱ्या, खेकडे तिथेच असतात, आणि ते वेचणाऱ्या बायकाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात त्या माशांची वीण व्हावी म्हणून. नेमकी त्याच्या तोंडावर खाडी नासवण्यात काय अर्थ?

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलेला असेल तर पाणी मुळीच सोडू नका. ब्लीचिंग पावडर टाकून क्लोरीन उडून जाईपर्यंत अडवून ठेवा. मेलेली कोळंबी चुन्यासह खड्ड्यात पुरा. त्या तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात घालू नका.

तळ भेगा पडेपर्यंत वाळवा. खरवडलेला गाळ पावसाने वाहून जाणार नाही असा बांधाच्या आत टाका, कांदळवनात नको. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांची तोड आणि त्यांत भराव दोन्हींना मनाई केली आहे.

ज्यांची काढणी बाकी आहे त्यांनी ढगाळ दिवशी खाद्य कमी करावं, पाण्यात हवा मिसळणारे एअरेटर रात्रभर चालू ठेवावेत. चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाद्य संपतं का ते पाहायला तळ्यात ठेवलेल्या थाळीत, खाद्य उरत असेल तर पुढच्या वेळचं खाद्य घटवा. त्या खाद्यातलं फिशमील समुद्रातल्याच बारीक मासळीचं असतं, म्हणजे कुजतं तेव्हा पैसा आणि मासळी दोन्ही जातात.

प्रतिजैविकं नकोतच. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानवर बंदी आहे, अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

एका खाडीवरच्या सगळ्यांनी पाणी सोडायचे आणि ओढायचे दिवस आधीच बोलून ठरवावेत. व्हॉट्सअ‍ॅपचे गट भाव कळवायला चालतात, तसे यालाही चालतील.