‘रोड’ म्हणजे रस्ता, इथेच मी आपटलो

अनुवादाच्या कामात नवीन असाल तर ‘रोड’ शब्दासाठी कोश कोण उघडतं, असं तुम्हालाही वाटत असेल. मला वाटलं होतं, आणि पहिल्याच चाचणीत नापास झालो. उतारा सुरतेच्या वखारीच्या दिवसांतला. इंग्रजांची जहाजं सुरतेजवळच्या किनाऱ्यावरील सुवालीच्या ‘रोड’मध्ये उभी होती. मी बिनधास्त लिहिलं, ‘जहाजे सुवालीच्या रस्त्यावर उभी होती.’ तपासनिसांनी समासात एवढंच विचारलं, ‘चाके होती का?’

मोबाइलमधल्या कोशाचा पहिला अर्थ उचलला की असंच होतं. ‘संदर्भावरून कळतं’ म्हणणाऱ्या गुरूंकडे चहा प्या आणि घरी या; संदर्भ समोरच होता, मला कुठे कळला?

आता नीट ऐका. ‘रोड’ हा ‘राइड’चा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत ‘राड’ म्हणजे घोड्यावरून जाणं. वाटेला तेव्हा ‘वे’ नाहीतर ‘स्ट्रीट’ म्हणत. जहाजही नांगरावर ‘राइड’ करतं, लाटांवर डुलत उभं राहतं; म्हणून किनाऱ्याजवळच्या त्या आडोशाच्या पाण्याला ‘रोड’ म्हणू लागले. रस्ता हा अर्थ त्यानंतरचा, १६व्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे मी ज्याला मूळ अर्थ समजत होतो तो धाकटा निघाला! अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली ‘हॅम्प्टन रोड्स’ला दोन चिलखती जहाजं भिडली, तीही पाण्यातच. तेव्हा ‘रोड’च्या आसपास नांगर, शिडं, भरती-ओहोटी दिसली की ‘जहाज बंदराबाहेर नांगरून होते’ असं सरळ लिहा.

‘रेड’ (raid), म्हणजे धाड, हे ‘रोड’चंच स्कॉटिश रूप. यात मराठी माणसाला अवघड काही नाही. आपल्या ‘स्वारी’त घोड्यावर बसणंही आहे आणि चढाईही. सुरतेवरची १६६४ची स्वारी इंग्रजी पुस्तकांत ‘रेड’ होते, ती अशी. ‘इनरोड’चा मूळ अर्थही चढाईच, आतला रस्ता नव्हे.

हे कळल्यावर मला एवढा चेव आला की ‘रोड’ आपल्या ‘रथा’वरून आला असं चारचौघांत सांगून बसलो. साफ चूक. रथाचं नातं चाकाच्या लॅटिन ‘रोटा’शी आहे. संस्कृतशी सोयरीक हवीच असेल तर ती ‘वे’ची आहे, ‘वह्’ धातूशी. आपलं ‘वाहन’ त्यातलंच.

आणि हो, नापास झालात तरी खचू नका. त्याच तपासनिसांनी मला सहा महिन्यांनी काम दिलं. ‘रेलरोड’वरचं.