विजेती ड्रॅग रेसिंग कार ऑनलाइन लिलावात विकताना या चुका टाळा

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ, छोट्या अंतरावरची वेगाची शर्यत. तिच्यातील विजेत्या कारवर बोली लावणारा माणूस बहुधा स्वतः याच खेळातला असतो, त्यामुळे तो इंजिनाच्या ताकदीचे आकडे वाचण्याआधी विक्रेत्याच्या विधानांमागे पुरावा आहे का, हे पाहतो. बोली अडखळण्याची बरीचशी कारणे इथेच सापडतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘चॅम्पियन कार’ असे मोघम लिहिणे. एखाद्या स्पर्धेत आपल्या गटात मिळवलेला विजय आणि संपूर्ण हंगामातील गुणांवर मिळालेले विजेतेपद यांत मोठा फरक आहे. शिवाय विजेतेपद चालकाच्या किंवा संघाच्या नावावर नोंदले जाते. मोठे संघ एकाच हंगामात एकाहून अधिक चॅसिस (गाडीचा मूळ सांगाडा) वापरू शकतात आणि अपघातानंतर चॅसिसचा पुढचा भाग कापून नवा जोडलेला असू शकतो. म्हणून चॅसिसचा क्रमांक, तो बांधणाऱ्याचे नाव, तारखेसह जुनी छायाचित्रे, स्पर्धांचे निकाल आणि दुरुस्तीच्या नोंदी यांची साखळी जुळवून दाखवावी. साखळीतला दुवा तुटत असेल, तर ‘त्या विजेत्या संघाकडील गाडी’ एवढेच लिहावे. किंमत थोडी कमी येईल, पण लिलाव सुरू असताना एखाद्या जाणकाराने दावा खोडून काढण्यापेक्षा ते परवडते.

वेळेच्या आकड्यांबाबतही अशीच ढिलाई होते. ड्रॅग शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे 1320 फूट आहे, पण अनेक ठिकाणी 660 फुटांवर शर्यती होतात, आणि 2008 मध्ये चालक स्कॉट कॅलिटा यांच्या अपघाती मृत्यूनंतर अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची संघटना नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने टॉप फ्युएल व फनी कार या सर्वांत वेगवान गटांचे अंतर 1000 फुटांवर आणले. अंतर न सांगता नुसते सेकंद लिहिणे निरर्थक आहे. संपूर्ण टाइमस्लिपचे (धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या छापील पावतीचे) छायाचित्र द्यावे. त्यातील पहिल्या 60 फुटांची वेळ गाडी सुरुवातीला जमीन कशी पकडते, हे सांगते. ती वेळ नोंदवणारे इंजिन आजही गाडीत आहे की गाडी इंजिन व गिअरबॉक्सशिवाय ‘रोलर’ म्हणून विकली जात आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे.

सुरक्षेच्या तारखा लपवू नयेत. चॅसिसचे प्रमाणपत्र ठराविक मुदतीने नव्याने घ्यावे लागते, आणि एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा साधनांची मानके ठरवणारी संस्था) मानांकनाचे सीटबेल्ट सर्वसाधारणपणे उत्पादनापासून दोन वर्षांनी बदलावे किंवा त्यांचे पट्टे नवे घालून घ्यावे लागतात. मुदत संपलेली असली तरी गाडी विकली जाते. तारखेच्या लेबलचे छायाचित्रच नसेल, तर मात्र संशय वाढतो. विक्रीच्या तोंडावर रोल केजला (चालकाभोवतीच्या नळ्यांच्या संरक्षक पिंजऱ्याला) नवा रंग देणे ही तर स्वतःच ओढवून घेतलेली अडचण आहे, कारण रंगाखाली वेल्डिंगमधील भेगा झाकल्या असाव्यात, असेच अनुभवी खरेदीदाराला वाटते.

लिलावात दाखवायच्या चित्रफितीसाठी इंजिन सुरू होत नसेल आणि गाडी मिथेनॉलवर (अल्कोहोलच्या प्रकारातले इंधन) चालणारी असेल, तर आधी इंधनव्यवस्था तपासावी. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि साठवणुकीत आत राहिल्यास पंप व इतर भाग गंजवते. जुने इंधन काढून व्यवस्था धुऊन घेतल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही, तर तसे स्पष्ट लिहून सिलिंडरांच्या लीक-डाउन चाचणीचे (दाबाने भरलेली हवा किती गळते, हे मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे द्यावेत.

खास शर्यतीसाठी नळ्यांच्या चॅसिसवर बांधलेल्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी बहुतेक वेळा झालेलीच नसते, त्यामुळे नोंदणीच्या कागदांऐवजी नुसत्या विक्रीपत्रावर व्यवहार होऊ शकेल का, हे लिलाव चालवणाऱ्या कंपनीला आधीच विचारावे.

राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती किंमत) ठरवताना बांधणीचा सगळा खर्च वसूल करण्याचा हट्ट धरू नये. शर्यतीच्या गाडीत घातलेला पैसा क्वचितच पूर्ण परत येतो. बोली मध्येच थांबली, तर प्रलंबित प्रश्नांना त्याच दिवशी उत्तरे द्यावीत आणि मागितलेली छायाचित्रे जोडावीत. मित्राकरवी खोटी बोली लावून घेणे ही फसवणूक आहे. राखीव किंमत गाठली गेली नाही, तर त्या संकेतस्थळाचे नियम पाहून सर्वाधिक बोली लावणाऱ्याशी वाटाघाटी कराव्यात.

लांब ड्रॅगस्टर सामान्य ट्रेलरवर बसत नाही, म्हणून एकूण लांबी आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) आधीच कळवावा, आणि रक्कम आपल्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याची बँकेकडून खात्री झाल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढवू देऊ नये.