मॉरिस पाठ होत नाही

टेक्स्टाइल डिझाइनच्या पहिल्या वर्षी डिझाइनचा इतिहास मी सनावळ्या घोकून काढला. १८५१चं लंडनचं ग्रेट एक्झिबिशन, १८६१ साली विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरने मित्रांबरोबर काढलेली घरसजावटीची कंपनी, १८८७ची आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे हातकामाला मान देणाऱ्या चळवळीची, एक्झिबिशन सोसायटी. व्हायव्हात सरांनी एवढंच विचारलं, "ही माणसं चिडली होती कशावर?" मी गप्प.

यंत्रावर, असं म्हणून सुटका होत नाही. राग होता तो विचार एकाने करायचा आणि दुसऱ्याने नुसते हात चालवायचे, या वाटणीवर. रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने १८५३ मध्ये गॉथिक इमारतींबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं आणि मॉरिस त्याने भारावला होता. पुढे लग्नानंतर मॉरिसने लंडनजवळ रेड हाउस हे घर बांधलं, तेव्हा मनाजोगतं सामान बाजारात मिळेना. मग मित्रांना जमवून भिंती, कपाटं स्वतःच रंगवली. कंपनीचं मूळ त्या घरात आहे.

मला हे खरं उमगलं ते नीळ लावताना. कुंडीतून कापड वर काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसतं, मग हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. मॉरिसचं 'स्ट्रॉबेरी थीफ' (१८८३) हे छापील कापड असंच सुरू होतं: आधी अख्खं कापड निळीत, मग लाकडी ठशांनी हवा तिथला निळा उडवायचा, मग त्या जागी लाल आणि पिवळा. याला दिवसच्या दिवस लागत. म्हणजे कापड महागच. सर्वांसाठी कला म्हणणाऱ्याचा माल घेणार श्रीमंतच! परीक्षेत ही विसंगती जरूर लिहा, नुसतं कौतुक नको.

मुंबईत असाल तर कारागिराच्या हाताची हीच कदर बघायला क्रॉफर्ड मार्केटला जा, पण भाजी घ्यायला नव्हे. प्रवेशद्वारांवरची शेतकऱ्यांची शिल्पं मान वर करून बघा. ती लॉकवुड किपलिंग या इंग्रज शिल्पकाराची. १८६५ मध्ये तो मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. इथल्या विणकर, सुतार अशा कारागिरांची काम करतानाची चित्रं त्याने काढली, तीही शोधून बघा. हात कुठे आणि हत्यार कसं धरलंय, ते नीट दिसतं.

आणि नीळ लावताना हातमोजे घाला. माझी नखं आठवडाभर निळी होती, जेवायला बसलो की आई रोज ओरडायची.